गटार झाकून भागणार नाही

निवडणूक जवळ आली की वस्तीत दोन कामं हमखास निघतात. गल्लीत लादीकरण आणि गटारावर झाकणं. नारळ फुटतो, फलक लागतो आणि काही महिने खरोखर बरं वाटतं. घाण डोळ्यांसमोर नसते, पोरं गटारात पडत नाहीत, पाहुणे आले तर मान खाली घालावी लागत नाही. ही कामं व्हायलाच हवीत. पण झाकणाखालचं पाणी होतं तसंच वाहत राहतं. ते नाल्यात जातं, नाल्यातून नदीत जातं आणि खालच्या अंगाच्या कुठल्या तरी गावाच्या पाणीपुरवठ्यात उतरतं. शिवाय आपल्याच गल्लीत, त्या झाकणाच्या आत, ते आपल्या नळाच्या पाईपला लागून वाहत असतं.

वस्तीत राहणाऱ्यांना, मंडळाच्या कार्यकर्त्यांना, बचत गटातल्या बायकांना आणि नगरसेवकांना म्हणूनच माझं सांगणं आहे: गटाराला झाकण मागता, तशी त्यातल्या पाण्याच्या शुद्धीकरणाची सोयही मागा. खडी, वाळू आणि पाणथळ झाडं यांच्या वाफ्यातून वस्तीचं सांडपाणी वस्तीजवळच बऱ्यापैकी शुद्ध करता येतं. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत, उतार नीट असेल तर वीजही लागत नाही. मात्र त्याला रोज लक्ष घालणारा माणूस लागतो. तो माणूस कोण आणि त्याचा पगार कोण देणार, हे कागदावर ठरल्याशिवाय एकही वीट लावू देऊ नका. बाकीचा सगळा लेख या एका गोष्टीसाठी आहे.

गटारातलं पाणी हंड्यात कसं येतं

आधी एकदा आपल्या गल्लीतली पाण्याची लाइन नीट बघा. जागा नसते, म्हणून अर्ध्या-पाऊण इंची पाईप गटाराच्या कडेने किंवा थेट गटारातूनच टाकलेले असतात. एका मुख्य पाईपला दहा-पंधरा जणांनी जोड घेतलेले असतात. कुठे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते, कुठे पाईप गंजलेला असतो, कुठे जोड निसटलेला असतो. नळाला पाणी असतं तेव्हा पाईपच्या आतला दाब जास्त असतो, त्यामुळे पाणी बाहेर गळतं आणि आपण फक्त "पाणी वाया जातंय" म्हणतो. खरा धोका पाणी गेल्यावर सुरू होतो. पाईप रिकामा होताना आतला दाब उतरतो आणि त्याच भेगेतून बाहेरचं गटाराचं पाणी आत खेचलं जातं. त्यावर कुणी मोटार लावली तर ओढ आणखी वाढते. दुसऱ्या दिवशी नळ आला की पहिल्या हंड्यात ते उतरतं. चोवीस तास पाणी असलेल्या घरात हा धोका बराच कमी असतो. दिवसातून तासभर पाणी येणाऱ्या घराला तो रोजचा असतो.

मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की शहरंच्या शहरं आजारी पडतात. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचं मैलापाणी वजिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोचलं. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. दूषित अन्नपाण्यातून पसरणारे हे जंतू आहेत.

तेव्हा कुठलाही प्रकल्प येण्याची वाट न बघता एक काम या आठवड्यातच करा. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून पाण्याचे पाईप गटारातून बाहेर काढा, भिंतीला क्लॅम्प मारून वर घ्या आणि गळके जोड बदला. नळ आल्यावर पहिलं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका. पिण्याचं पाणी उकळा किंवा त्यात क्लोरीनचे थेंब टाका. गटाराचं पाणी शुद्ध करणं हे पुढचं पाऊल आहे, ते या कामाच्या जागी येऊ शकत नाही.

मोठी लाइन आपल्यापर्यंत का येत नाही

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अंदाजानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातलं फक्त २०,२३६ दशलक्ष लिटर प्रत्यक्ष शुद्ध होतं. म्हणजे शंभरातलं अठ्ठावीस. २०११ च्या जनगणनेत शहरी घरांपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्शाचे संडास मैलापाण्याच्या ड्रेनेज लाइनला जोडलेले होते. बाकीचे सेप्टिक टाकीवर, खड्ड्यावर किंवा थेट नाल्यावर.

वस्त्यांचा नंबर या रांगेत शेवटचा लागतो आणि त्याला कारणं आहेत. आपल्या वस्त्या नाल्याच्या काठावर, टेकडीच्या उतारावर, रेल्वेच्या कडेला वसल्या. मुख्य ड्रेनेज लाइन रस्त्याने जाते आणि वस्ती बहुधा रस्त्याच्या खालच्या पातळीवर असते. पाणी वर चढवायला पंप हवा, पंपाला वीज आणि माणूस हवा. तीन फुटांच्या गल्लीत खोदकामाचं यंत्र शिरत नाही. त्यात जमिनीचा वाद असला की फाइल पुढे सरकत नाही. अशा वेळी "लाइन येईल तेव्हा बघू" असं म्हणत एक पिढी जाते. सांडपाणी जिथे तयार होतं तिथेच त्यावर काम करायचं, हा विचार म्हणून गरिबांच्या वस्तीसाठी फार मोलाचा आहे.

हा विचार कुणी काल काढलेला नाही. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरांचा पाणथळ प्रदेश आहे. शहराच्या मैलापाण्याचा मोठा भाग कालव्यांतून तिथल्या उथळ तळ्यांत सोडला जातो. ऊन, शेवाळं आणि जीवाणू मिळून ते पाणी शुद्ध करतात. त्यावर मासे वाढतात, भाजीपाला होतो आणि हजारो कुटुंबांचं पोट चालतं. किती पाणी कधी सोडायचं, हे तिथले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून ठरवत आले. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने १९८० च्या दशकात हे सगळं नीट अभ्यासलं आणि जगापुढे मांडलं. शहर वाढत तिथपर्यंत पोचलं तेव्हा १९९२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने त्या भागाला संरक्षण दिलं. २००२ मध्ये तो जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला.

एवढी जागा आपल्याकडे नाही हे खरं आहे. कमी जागेत काय होऊ शकतं ते आग्र्यात बघा. ताजमहालाच्या समोरच्या काठावर, मेहताब बागेजवळ, कछपुरा नावाची गरीब वस्ती आहे. तिथला उघडा नाला यमुनेला मिळतो. क्युअर या संस्थेने वस्तीतल्या लोकांबरोबर काम करून २०११ च्या सुमारास त्या नाल्याच्याच वाटेत शुद्धीकरणाची रचना बसवली. कचरा अडवणारी जाळी, गाळ बसवायची टाकी, कप्प्याकप्प्यांची टाकी आणि शेवटी झाडांचा वाफा. क्षमता रोज सुमारे ५० हजार लिटरची.

आपल्या महाराष्ट्रात तर हे ज्ञान घरातलं आहे. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने फायटोरिड नावाची याच धर्तीची पद्धत विकसित केली आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात तसा प्रकल्प उभा राहिला. विद्यापीठाला जे मिळतं ते वस्तीला का मिळू नये, हा प्रश्न विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

वाफ्यात नेमकं काय होतं

पाण्याच्या मागोमाग चालत जाऊ. गल्ल्यांतून आलेलं गटार पहिल्यांदा एका चौकोनी चेंबरमध्ये पडतं. तिथे तिरकी लोखंडी जाळी असते. तिच्यावर दुधाच्या पिशव्या, केसांचे गुंतवळे, गुटख्याच्या पुड्या, भाताची शितं, चिंध्या अडकतात. पुढे जमिनीखाली बंद टाकी. तिच्यात पाणी थांबतं, जड घाण तळाशी बसते आणि तेल-साबणाची साय वर तरंगते. त्यापुढे एकामागोमाग एक कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात पाणी खालून वर चढतं आणि तळाशी साचलेल्या गाळातून जातं. त्या गाळात हवेशिवाय जगणारे जीवाणू असतात, ते पाण्यातली विरघळलेली घाण खातात. इथवर निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं, पण पाणी अजून काळपट आणि वासाचं असतं.

मग येतो वाफा. साधारण दोन फूट खोल, खाली आणि बाजूंनी पाणी झिरपणार नाही असा बांधलेला, खडीने भरलेला. तोंडाशी आणि शेवटी मोठे गोटे, मध्ये बोटाच्या पेराएवढी खडी. त्यात कर्दळ, पाणकणीस, वेखंड, लव्हाळा अशी झाडं लावलेली. पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली चार-सहा बोटं राहतं. वरून बघणाऱ्याला कर्दळीची बाग दिसते, पाणी दिसतच नाही. दोन-तीन दिवस ते त्या खडीतून हळूहळू सरकत असतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. झाडं घाण "पितात" आणि पाणी शुद्ध होतं, असं पुष्कळ जण सांगतात. झाडं थोडं नत्र आणि स्फुरद घेतात, पण मुख्य काम करतात ते खडीवर आणि मुळांवर चिकटलेले जीवाणू. त्यांचा बुळबुळीत थर प्रत्येक खड्यावर तयार होतो. मुळं त्या थराला जागा देतात, थोडा प्राणवायू खाली पोचवतात आणि खडी घट्ट बसू देत नाहीत. जर्मनीत केटे झायडेल या संशोधिकेने १९५० च्या दशकात पाणवनस्पतींवर असे प्रयोग सुरू केले, तेव्हापासून या वाफ्यांचं शास्त्र पुढे गेलं आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की विरजण लावल्या लावल्या दही मागू नये. जीवाणूंचा थर धरायला काही आठवडे आणि झाडं पसरायला काही महिने लागतात. उद्घाटनाच्या दिवशी पाणी स्वच्छ दिसलं नाही म्हणून कुणी प्रकल्प फसला म्हणू नये, आणि त्याच दिवशी ठेकेदाराचा शेवटचा हप्ताही देऊ नये.

बाहेर पडणारं पाणी दिसायला नितळ असलं तरी पिण्याचं नसतं, हे घराघरांत सांगा. मैलापाण्याच्या अर्ध्या पेल्यात आतड्यातले लाखो-कोट्यवधी जंतू असतात. वाफ्याने शंभरातले नव्व्याण्णव मारले तरी उरलेले आजारी पाडायला पुरेसे आहेत. ते पाणी झाडांना, सार्वजनिक शौचालयाच्या फ्लशला, बांधकामाला वापरा. संडासात वापरायचं असेल तर आधी क्लोरीन द्या. कोथिंबीर, पालक, मुळा अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा जमिनीलगतच्या भाजीला देऊ नका. मुलांना त्यात खेळू देऊ नका.

जागेचा हिशोब

शंभर घरांची वस्ती धरा, घरात पाच माणसं. ड्रेनेज नसलेल्या वस्तीसाठी माणशी रोज ७० लिटर पाणी धरू. पाचशे माणसांचे ३५ हजार लिटर होतात. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं, म्हणजे २८ हजार लिटर. उष्ण हवामानात अशा वाफ्यासाठी माणशी एक ते तीन चौरस मीटर जागा धरतात. आधीची टाकी आणि कप्पे नीट असतील तर आकडा एकच्या जवळ आणता येतो. तरी पाचशे माणसांना पाचशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाच गुंठे लागतात.

पाच गुंठे मोकळी जागा असलेली वस्ती मला माहीत नाही. म्हणून सगळं एकदम मागू नका, तुकड्यातुकड्याने मागा. टाक्या जमिनीखाली असतात, त्यांच्यावर अंगण किंवा बैठकीचा कट्टा होऊ शकतो. वाफा चौकोनीच हवा असं नाही, नाल्याच्या कडेची लांब अरुंद पट्टी चालते. सार्वजनिक शौचालयाची मागची बाजू, पालिकेच्या शाळेच्या कुंपणाची कड, समाजमंदिराचं आवार, उद्यानाचा कोपरा बघा. तीस घरांपासून सुरुवात केली तर दीड गुंठ्यात भागतं. फक्त मोरीचं, म्हणजे आंघोळ-धुण्याभांड्याचं पाणी घेतलं आणि संडास वेगळ्या सेप्टिक टाकीवर ठेवले तर आणखी कमी जागेत काम होतं.

जमीन कुणाची आहे हे सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरून आधी बघा. पालिकेची असेल तर सोपं आहे. रेल्वेची, वनखात्याची किंवा खासगी असेल तर लेखी ना हरकत मिळाल्याशिवाय पैसा घालू नका. पुनर्वसन तोंडावर असेल तर वाफ्याचा खर्च करण्यापेक्षा नव्या इमारतीच्या आराखड्यातच शुद्धीकरण घालून घ्या.

गावाकडे चालणारा शोषखड्डा दाट वस्तीत चालवू नका. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी घरोघरी शोषखड्डे करून गटारं आणि डास घालवले, ते काम कौतुकाचंच आहे. पण तिथे घराभोवती मोकळी जमीन होती. शहरात दहा बाय दहाच्या खोल्या भिंतीला भिंत लावून आहेत, खाली कुणाची बोअर आहे, आणि काळी माती असेल तर पाणी मुरतही नाही.

लोक काय विचारतील

डास होतील का? हा पहिला प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. पाणी खडीखाली असेल तर डासाला अंडी घालायला उघडं पाणी मिळत नाही. वाफा तुंबून पाणी वर आलं, तर मात्र क्युलेक्स डास नक्की होतील. म्हणजे डास हा वाफ्याचा दोष नाही, दुर्लक्षाची खूण आहे. वर पाणी दिसलं की त्याच दिवशी तक्रार करा. जलपर्णीची उघडी तळी कुणी सुचवली तर वस्तीच्या मध्ये ती होऊ देऊ नका. जलपर्णी नदीत काय करते ते पुण्याच्या मुळा-मुठेकाठचे लोक दर उन्हाळ्यात बघतात.

वास येईल का? बंद टाकीला उंच वायुनळी असेल आणि झाकणं घट्ट असतील तर घरापर्यंत येणार नाही. सडक्या अंड्यासारखा वास येत राहिला तर कुठे तरी गाळ साचलाय किंवा पाणी अडलंय.

पावसाळ्यात काय? हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि आराखड्यात बहुधा इथेच चूक होते. आपल्या गटारांतून सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकत्रच वाहतं. कोकणातल्या किंवा मुंबईच्या एका सरीत वाफा वाहून जाऊ शकतो. म्हणून छपराचं पाणी वेगळ्या पन्हळीने नाल्यात सोडा आणि वाफ्याच्या आधी जादा पाणी बाजूने काढून देणारी वाट ठेवायला लावा. नकाशावर ही वाट कुठे आहे, असं अभियंत्याला थेट विचारा. उत्तर नसेल तर नकाशा परत पाठवा.

वस्तीत कारखाने असतील तर? मुलामा चढवण्याचं, कातड्याचं, रंगाईचं पाणी या वाफ्यात चालत नाही. आम्ल आणि जड धातू जीवाणूंना मारतात. त्या गाळ्यांचं पाणी वेगळं ठेवल्याशिवाय हा मार्ग धरू नका. घरातही संडासात ॲसिड ओतण्याची सवय सोडावी लागेल.

सांभाळ म्हणजे काय

रोज जाळी साफ करायची आणि निघालेला कचरा घंटागाडीत द्यायचा. आठवड्यातून एकदा वाफ्याच्या तोंडाशी अडकलेली घाण काढायची आणि पाण्याची पातळी बघायची. महिन्यातून एकदा तेलाची साय काढायची. वडापाव, भजी, चायनीजच्या गाड्या आणि खानावळी असतील तर त्यांच्या मोरीला तेल अडवणारी वेगळी कुंडी सक्तीची करा, कारण खडीचा सर्वांत मोठा शत्रू तेल आहे. वर्षातून दोनदा कर्दळ-पाणकणीस छाटायचं आणि छाटलेलं वाफ्यात कुजू द्यायचं नाही. दोन-तीन वर्षांनी टाक्यांतला गाळ सक्शन गाडीने उपसायचा. बऱ्याच वर्षांनी खडी तुंबली की बाहेर काढून धुऊन परत भरायची.

यात अवघड काही नाही. तरीही वाफे बंद पडतात, कारण पहिल्या वर्षी उत्साह असतो, दुसऱ्या वर्षी ठेकेदाराची मुदत संपते, तिसऱ्या वर्षी गाळ भरतो आणि काळं पाणी खडीत शिरतं. मग गवत माजतं, लोक तिथे कचरा टाकू लागतात आणि "आपल्याकडे असलं काही टिकत नाही" असं म्हटलं जातं. टिकत नाही ते नेमणूक नसल्यामुळे.

इथे दोन गोष्टी मला ठामपणे सांगायच्या आहेत. पहिली पैशांची. बंगल्यांच्या कॉलनीतल्या लोकांना कुणी ड्रेनेज लाइन साफ करायला श्रमदान करा म्हणत नाही. तो खर्च पालिका करते. मग वस्तीतल्या माणसाने दिवसभर राबून आल्यावर फुकट जाळी साफ करावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. देखरेख वस्तीची, पगार पालिकेचा, अशी वाटणी हवी. बचत गटाला किंवा वस्तीच्या समितीला पालिकेने वर्षाचा करार द्यावा. वस्तीने थोडी वर्गणी काढली तर ती हत्यारं आणि किरकोळ दुरुस्तीसाठी असू द्या.

दुसरी गोष्ट माणसाच्या प्रतिष्ठेची. जाळी साफ करण्याचं काम न बोलता एकाच जातीच्या माणसाकडे जातं, हे आपण सगळे जाणतो. तसं होऊ देऊ नका. काम करणाऱ्याला लांब दांड्याचा पंजा, हातमोजे, बूट आणि महिन्याचा ठरलेला पगार द्या. आणि टाकीत माणूस कधीही, कुठल्याही कारणाने उतरवू नका. आतल्या वायूने एका श्वासात शुद्ध हरपते, वाचवायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. पण भरपाईने माणूस परत येत नाही. कुणी उतरायला लावत असेल तर काम थांबवा आणि १४४२० या क्रमांकावर कळवा.

गाळ उपसायची सवय लागू शकते, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सातारा जिल्ह्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या नगरपालिकांनी २०१८ च्या सुमारास सेप्टिक टाक्या तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या वेळापत्रकाने उपसायला सुरुवात केली. टाकी तुंबून मैला वर आल्यावर गाडी शोधायची, ही रीत त्यांनी बदलली. गाडी वॉर्डावॉर्डाने येते आणि उपसलेला गाळ प्रक्रिया केंद्रावर जातो. दोन लहान नगरपालिका हे करू शकतात, तर मोठ्या महापालिकांना सबब उरत नाही. वस्तीचा वाफा असो की सार्वजनिक शौचालयाची टाकी, ती या वेळापत्रकात बसवून घ्या.

मागायचं कसं

पुढच्या बैठकीत हे करा. वस्तीचा कागदावर हाताने नकाशा काढा. घरं, गटारं, उताराची दिशा, पाण्याचे पाईप, शौचालय, रिकाम्या जागा दाखवा. पाईप गटाराला कुठे लागतो तिथे लाल खूण करा. कुठल्या गल्लीत गेल्या पावसाळ्यात कावीळ, टायफॉइड, जुलाब झाले ते लिहा. हा कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात आणि नगरपालिकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पैसा कुठून येईल, हेही विचारतील. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशन शहरी २.० मध्ये एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांसाठी सांडपाणी व्यवस्थापनाची तरतूद आहे. मोठ्या शहरांना अमृत २.० आहे. वस्ती सुधारणेच्या राज्याच्या योजना आणि नगरसेवकांचा निधी आहेच. आजवर हा निधी लादी आणि झाकणांवर गेला, कारण आपण तेच मागितलं.

अर्जात या अटी घाला. शुद्धीकरणाच्या जागेची निश्चिती. पावसाळी पाण्याची वेगळी वाट. किमान पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम बांधकामाच्या अंदाजपत्रकातच धरलेली. देखभाल करणाऱ्या गटाचं नाव आणि महिन्याचा मोबदला. गाळ उपसायची तारीख. आणि दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी, तिचा निकाल वस्तीच्या फलकावर. तपासणीत दोन आकडे मागा. पहिला बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप. केंद्राच्या २०१७ च्या नियमात महानगरांसाठी तो लिटरला २० मिलिग्रॅम आणि इतर ठिकाणी ३० आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये याहून कडक मर्यादा सांगितल्या आहेत. दुसरा आकडा विष्ठेतल्या कोलिफॉर्म जंतूंचा, तो १०० मिलिलिटरमध्ये हजाराच्या आत हवा.

प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत घरचीही एक तपासणी आहे. वाफ्यात शिरणारं आणि वाफ्यातून निघणारं पाणी दोन पारदर्शक बाटल्यांत घ्या, झाकण घट्ट लावा आणि दोन दिवस सावलीत ठेवा. कच्चं पाणी काळं पडून सडका वास मारेल. शुद्ध झालेलं पाणी बरंचसं तसंच राहील. दोन्ही बाटल्या सारख्याच निघाल्या तर वाफा काम करत नाही, आणि तसं सांगायला तुम्हाला अभियंत्याची पदवी लागत नाही.

नवीन वाफा मिळायला वर्ष-दोन वर्षं लागतील. तोवर हातातली कामं थांबवू नका. पाईप गटाराबाहेर, तेल आणि प्लास्टिक गटाराबाहेर, ॲसिड घराबाहेर, सेप्टिक टाकी वेळेवर रिकामी. एवढं झालं तरी वस्तीतले आजार कमी होतील, आणि वाफा येईल तेव्हा तो टिकेल.

पुढच्या वेळी उमेदवार दारात आला आणि गटारावर झाकण टाकून देतो म्हणाला, तर त्याला बसायला सांगा आणि तीन प्रश्न विचारा. हे पाणी कुठे शुद्ध करणार? ते रोज कोण सांभाळणार? त्याचा पगार कुठल्या खात्यातून देणार? तिन्ही उत्तरं लिहून घ्या, खाली सही घ्या, आणि निवडून आल्यावर तो कागद घेऊन त्याच्या दारात जा.